विराजदादाचं पाणी

"माझा पोरगा किड्यांपायी गेला," हे वाक्य सुलूताईंनी वर्षभरात भोरमधल्या कुणाला ऐकवलं नसेल असं नाही. भेटायला आलेल्यांना ऐकवलं, दूधवाल्याला ऐकवलं, कचेरीत टेबलाला टेबल लावून जिच्याबरोबर उभा जन्म काढला त्या मैत्रिणीला तर दिसेल तेव्हा ऐकवलं. बाई रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोरड्या डोळ्यांनी, दुसऱ्याच्या घरची बातमी सांगावी तसं सांगायच्या आणि मग विचारायच्या, "चहा टाकू?"

त्यांची थोरली लेक भार्गवी हे ऐकायची आणि तिला वाटायचं, आईच्या तोंडावर हात ठेवावा. किडे काय किडे! चतुर. आता शास्त्राच्या हिशेबानं चतुर हा कीटकच, हे भार्गवी ज्युनिअर कॉलेजात पोरांना स्वतःच शिकवायची, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. पण आई ज्या सुरात म्हणायची, तो सूर झुरळाचा होता. त्या सुराचं काय करायचं?

विराज तिच्या पाठचा. पुण्यात शिकला, चांगली नोकरी चालून आली होती ती नाकारली, आणि वेल्ह्याच्या डोंगरात गुडघाभर पाण्यात उभा राहून चतुर बघायला लागला. घरी आला की जेवताना त्याचं तेच. "ताई, तीस कोटी वर्षं गं! डायनासोर नव्हते, पक्षी नव्हते, जगात एक फूल नव्हतं, तेव्हा यांचे चुलतआजोबा हवेत उडत होते. हातभर पंखांचे! मग सगळं जग मेलं. एकदा नाही, परत परत मेलं. हे राहिले." आणि आमटीचा हात तसाच हवेत. त्यावर सुलूताई वाढता वाढता म्हणायच्या, "एवढे राहिले ना? मग तुझ्यावाचून त्यांचं काय अडलंय? भात घे." विराज हसायचा. तो आईवर कधी चिडला नाही. चिडायची ती भार्गवी, आणि दोघांवरही.

त्याच्याकडून तिनं ऐकलं ते पुस्तकातून शिकवताना तिला कधी इतकं खरं वाटलं नव्हतं. आपल्याला दिसतो तो उडणारा चतुर म्हणजे त्याचं म्हातारपण. पंख फुटल्यावर कसाबसा महिना-दीड महिना. त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्याखाली. त्या पाण्यातल्या जिवाला विराज अळी म्हणायचा नाही, "पोर" म्हणायचा. हे पोर मागच्या अंगानं पाणी आत घेऊन श्वास घेतं, आणि घाबरलं की तेच पाणी जोरात सोडून पुढे सटकतं. खालचा ओठ घडी घालून हनुवटीशी ठेवलेला असतो. भक्ष्य जवळ आलं की तो हातासारखा बाहेर येतो आणि पकडतो. फुलपाखरासारखा कोष नाही, झोप नाही. कात टाकत टाकत वाढायचं, पाठीवर पंखांच्या बारक्या पिशव्या वागवायच्या, आणि एका सकाळी दगडावर चढून पाठ उकलून बाहेर यायचं. "आयुष्यभर पाण्यात राहिलेला जीव, ताई. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की वर हवा आहे. तरी चढतो."

तोरण्याच्या मागच्या अंगाला उंबरमाळ म्हणून बारक्या वाडीच्या वर एक डोह आहे. झाडीतला, सावलीचा, पानांनी भरलेला. वाडीला नळ आला तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि त्याआधीही पाणी भरायचं ते खालच्या विहिरीवर. त्या डोहाच्या गाळात विराजला एक पोर सापडलं. चपटं, उंबराच्या वाळक्या पानासारखं, गाळात पुरून घेऊन फक्त डोळे वर ठेवणारं. कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. त्याच्या अंदाजानं तीन वर्षं गाळातच काढणारं. पण नुसत्या पोरावरून नाव देता येत नाही. उडणारा नर हातात यावा लागतो, त्याच्या शेपटाच्या टोकाला मादीला धरायचे आकडे असतात, ते बघावे लागतात. आणि हे पोर वैशाखाच्या अखेरीला, थोड्याच दिवसांत, पहाटे बाहेर यायचं आणि उजाडता उजाडता झाडांच्या शेंड्याला नाहीसं व्हायचं. एका वर्षी विराजला दगडावर नुसती कात मिळाली. अजून ओली होती. तो पोचायला जरा उशीर झाला होता. त्या कातीकडे बघत तो रडला होता, हे त्यानं फक्त भार्गवीला सांगितलं.

जागा मात्र कुणाला सांगायची नाही, हा त्याचा दंडक. नाव पक्कं होण्याआधी बोभाटा झाला की जाळ्या घेऊन हौशी मंडळी येतात आणि तळ ढवळून जातात. म्हणून त्यानं वाडीलाही सांगितलं नाही. "पाण्याचा अभ्यास करतो," म्हणाला. त्यांनीही खोदून विचारलं नाही. बाळाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या पडवीत तो झोपायचा, तिच्या हातची भाकरी खायचा, तिच्या पुतण्याला, गेनूला, भातलावणीत मदत करायचा. आणि प्यायला पाणी आणायचा ते वरच्या डोहाचंच. "नळाचं ग्वाड लागत न्हाई व्हय रं तुला?" म्हणून बाळाबाई त्याची थट्टा करायची.

मागच्या वर्षी वैशाखात तो ह्याच चतुरासाठी मोटरसायकलवरून निघाला. नसरापूरच्या पुढे एका वळणावर खडी पसरलेली होती. दुसऱ्या पहाटे डोहातून जे काय उडालं असेल, ते कुणी बघितलं नाही.

तेव्हापासून भार्गवी जात राहिली. सुट्टी मिळाली की वेल्ह्याची एसटी, पुढे गेनूचा टेम्पो. तिनंही वाडीला तेच सांगितलं, पाण्याचा अभ्यास. भावानं राखलेलं गुपित तिनं देव्हाऱ्यातल्या देवासारखं राखलं. आणि गेल्या आठवड्यात ती डोहाच्या काठी ओणवी झाली तेव्हा तिला ती दिसली. पोरं! गाळ सोडून काठच्या उथळ पाण्यात आलेली, पाठीवरच्या पिशव्या फुगून काळपट झालेल्या, खाणं सोडून डोकी पाण्याच्या कडेशी लावून बसलेली. हे लक्षण विराजनं तिला शंभरदा सांगितलं होतं. आता आठवडाभरात कधीही.

घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, एकदा चल माझ्याबरोबर. तो कशासाठी जात होता ते डोळ्यांनी बघ. तसला चतुर जगात कुणी बघितलेला नाही. तू पहिली. मग तुला काय म्हणायचं ते म्हण, मी अडवणार नाही."

सुलूताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली. "वर्षश्राद्ध होऊ दे," म्हणाल्या. "मग जाऊ."

भार्गवीनं देव पाण्यात घातले. तिथीपर्यंत थांबा रे बाबांनो, म्हणून त्या पोरांना मनातल्या मनात विनवलं. तिला आईकडून दुसरं काही नको होतं. आपला मुलगा झुरळांमागे नव्हता, तो कशाच्या तरी मागे होता, एवढं आईनं एकदा म्हणावं, बस्स.

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघी भार्गवीच्या गाडीनं निघाल्या. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. ते वळण आलं तेव्हा सुलूताईंनी डोळे मिटले आणि बरंच पुढे गेल्यावर विचारलं, "गेलं?"

"गेलं," भार्गवी म्हणाली.

वाडीत पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि भार्गवीला पहिल्यांदा नवल वाटलं ते हे, की दिवस कामाचा असून सगळी वाडी बाळाबाईच्या अंगणात. बायका धुवट लुगड्या-साड्यांत, गडी टोप्या घालून. बाळाबाई पुढे आली आणि तिनं सुलूताईंचे दोन्ही हात धरले. ओळख नाही, पाळख नाही, एकदम हातच.

"या बाई. लई वाट बगितली तुमची. ताई फोनवर म्हनल्या हुत्या, शराध झालं की आईला आनते. म्हून आमीबी कालच उरकलं समदं."

"काय उरकलं?" सुलूताई म्हणाल्या.

बाळाबाईनं त्यांना घोंगडीवर बसवलं आणि शेजारी बसून सांगायला सुरुवात केली. भार्गवी अजून उभीच होती.

"बाई, आमच्या वाडीची एक रीत हाय. कुनी वयाच्या आदी गेलं, का त्याचा जीव मोकळा व्हत न्हाई. त्यो जितलं पानी पीत हुता तितं घुटमळतो. म्हून वरीस भरलं का ते पानी मोकळं करायचं. समदं उपसायचं, गाळ काडायचा, तळ धुवायचा. मग नवं पानी भरतं. त्येची पैली वंजळ आईनं प्यायची. मग त्यो सुटला."

"हे फकस्त वाडीच्या मान्साचं करत्यात, बाई," गेनू मागून म्हणाला. "जावयाचंबी करत न्हाई आमी. पन बैठक घेतली. समदी म्हनली, विराजदादा आपलाच. त्येचं करायचं."

भार्गवीच्या कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. तिला कळलं होतं. तरी तिनं विचारलं, कारण माणूस विचारतंच. "कुठलं पाणी, गेनूदादा?"

"कुठलं म्हंजी? वरचा डोव. त्यो दुसरं पानी पीतच नव्हता की."

आणि मग गेनू कौतुकानं सांगत राहिला. डिझेल इंजिन खांद्यावरून वर नेलं. पाणी उपसलं. किती वर्षांचा गाळ, कमरेइतका! बायापोरांनी साखळी धरून घमेल्यांनी काढला आणि गेनूच्या खाचरात नेऊन टाकला. कुजका पाला जाळला. दगड काथ्यानं घासले. "ताई, तुमी वळखनार न्हाई. आरशावानी झालाय."

भार्गवी कुणाकडे न बघता म्हणाली, "मी जरा पुढे होते," आणि अंगणातून निघाली. वळणापर्यंत चालली, मग धावत सुटली.

डोहाकडे नाही. खाचराकडे. गाळाचा ढीग तिथं होता, बांधाला लागून, वरून वाळून भेगाळलेला. वैशाखाचं ऊन म्हणजे ऊन. कालची दुपार आणि आजची सकाळ त्यानं आपलं काम चोख केलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ढीग उकरायला लागली. वरच्या थरातच ती मिळाली. वाळलेली, चपटी, पानासारखी. मोठी, मधली, नखाएवढी. तीन वर्षांची, दोन वर्षांची, आणि गेल्या पावसाळ्यातली, म्हणजे विराज गेल्यावर जन्मलेली. सगळी भावंडं एका ढिगात. तिनं आत हात घातला, ओलसर गाळातली दोघं-तिघं तळहातावर घेतली, त्यांच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, फुंकर घातली. पाय हलतोय असं तिला वाटलं. तो पाण्याचा ओघळ होता.

ढिगाच्या माथ्यावर, सगळ्यात उंच ढेकळावर, एक पोर चढलेलं होतं. त्याला दगड मिळाला नव्हता, ढेकूळ मिळालं होतं. पाठ उकलली होती. छाती अर्धी बाहेर होती, पंख चुरगळलेल्या कागदासारखे चिकटलेले. तसाच तो सुकला होता, आणि मुंग्यांनी डोकं आणि छाती पोखरून नेली होती. शेपूट कातीच्या आत होतं. भार्गवीनं नखानं अलगद सोडवायला घेतलं तर त्याचा भुगा झाला. तीन वर्षं विराज जे बघायला तडफडला, ते हे एवढंच वर आलं होतं. रंग म्हणावा तर तोही नाही. बाहेर आल्या आल्या चतुर पांढुरका असतो, रंग भरायला दिवस लागतात. ह्याचा रंग कुठला होता, हे आता कुणाला कळणार नव्हतं.

जवळपासच्या सगळ्या ओढ्यांत विराज शोधून दमला होता. दुसरीकडे हे पोर त्याला एकदाही मिळालं नव्हतं. तीस कोटी वर्षं जे कुळ जगबुडीतून तरलं, त्याचा एक फाटा उंबरमाळच्या मंडळींनी एका दिवसात, गाणी म्हणत, उपाशीपोटी, पदरचं डिझेल घालून संपवला. आणि त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. हेच तिला सहन होईना. कुणी कंपनीनं केलं असतं, कुणा पुढाऱ्यानं जेसीबी घातला असता, तर तिनं त्याचे वाभाडे काढले असते. इथं कुणाचे काढायचे? भावानं गुपित ठेवलं. तिनं ते राखलं. वाडीनं त्याच्यावर माया केली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात. पण तेव्हा निदान मारुती तरी होतो.

"काय पडलं का ताई?" गेनू पाठोपाठ आला होता.

तिनं मूठ मिटली. "कानातलं," ती म्हणाली. तोंडाला आलं ते म्हणाली.

"आगाई गं! थांबा, मी बगतो." आणि तो भला माणूस ढिगात उतरला. वाकून वाकून शोधायला लागला, आणि त्याच्या पायाखाली वाळकी पोरं कुरकुर चुरायला लागली. "किडं बगा किती हाय ह्यात. काल पान्यातबी लई हुती. एकेक येचून काडली म्या. म्हनलं, विराजदादाच्या पान्यात किडं ऱ्हायला नगं."

"राहू दे दादा," भार्गवी म्हणाली. "मिळालं."

"मिळालं?" तो वर बघून हसला. खरंच आनंदला होता. "चला मग. आई वर निघाल्या, समदी थांबल्यात तुमच्यासाटी."

डोहावर जाईपर्यंत तिनं मनाशी ठरवलं होतं. सांगायचं. शांतपणे, कुणाला दोष न देता; पण सांगायचं. नाहीतर तिचा भाऊ कोण होता हे कधीच कुणाला कळणार नाही, आईला तर नाहीच. एवढं तर त्याचं देणं लागतंच.

डोह खरंच आरशासारखा झाला होता. तळाचा दगडन् दगड दिसत होता, झऱ्याचं नवं पाणी हातभर चढलं होतं. काठाला झेंडूची फुलं वाहिलेली. पाला जाळताना काठची झुडपं तोडली असावीत, त्यामुळे जिथं वर्षानुवर्षं सावली होती तिथं ऊन आलं होतं. आणि त्या उन्हात सुलूताई पाण्याशी बसल्या होत्या. बाळाबाईनं त्यांची ओंजळ आपल्या ओंजळीत धरली होती.

"प्या बाई. एका घोटात."

सुलूताई प्यायल्या. आणि ओंजळ खाली करायच्या आत त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो भार्गवीनं वर्षभरात ऐकला नव्हता. आत अडकून बसलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बाई धाय मोकलून रडल्या. बाळाबाईच्या खांद्यावर डोकं टाकून, अगदी पोरीसारख्या. "माझा विराज गं," म्हणत राहिल्या. वाडीतल्या बायकाही रडल्या. कुणी म्हणालं, "त्यानं माझ्या पोराला गनित शिकवलं." कुणी म्हणालं, "माजं बाळतपण आडलं तवा त्यानंच गाडीवरनं दवाखान्यात न्येलं." सुलूताई प्रत्येकीकडे तोंड वर करून बघत होत्या, तहानलेल्या माणसानं बघावं तसं. हा विराज त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

रडणं ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लेकीला जवळ बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ होता.

"भार्गवी, दाखव आता. कुठंय तो त्याचा चतुर? बाळाबाई, माझा मुलगा इथं एका चतुरासाठी यायचा, माहितेय का तुम्हाला? तसला जगात कुठं नाही म्हणे. ह्याच पाण्यात असतो."

बाळाबाईच्या कपाळाला आठी पडली.

"चतुर? आमास्नी तर त्यो पानी बगतो म्हनला हुता." तिनं डोहाकडे बघितलं, गेनूकडे बघितलं, आणि मग भार्गवीकडे. "आन ताई, आमी तर समदं उपसलं. तळ खरवडला. त्येचं काय वंगाळ तर न्हाई ना झालं आमच्या हातनं?"

गेनूचा चेहरा उतरला. त्याच्यामागच्या सगळ्यांचे चेहरे भार्गवीला एकदम दिसले. सुलूताईंची ओंजळ अजून ओली होती. ती एक शब्द बोलली की सगळं संपणार होतं. आईनं आत्ता जे पाणी प्यायलं त्याचं विष होणार होतं. आणि ही म्हातारी, जिनं विराजला तीन वर्षं भाकरी घातली, ती उरलेला जन्म ह्या डोहाकडे बघू शकणार नव्हती.

तेवढ्यात एक चतुर आला. लालभडक, उन्हातून सरळ खाली, आणि पाण्यातून वर आलेल्या घासलेल्या दगडावर बसला. पंख पुढे झुकवून, ऐटीत. मोकळं, उन्हाचं, नवं पाणी हेरण्यात ह्या जातीचा हात कुणी धरत नाही. जिथं सावलीतले चतुर मरतात, तिथं हे दुसऱ्या दिवशी हजर.

"नाही बाळामावशी," भार्गवी म्हणाली. "काही वंगाळ झालं नाही. हा बघ आई. हाच."

बाळाबाईनं सुस्कारा सोडला आणि दोन्ही हात जोडले. कुणीतरी पोरांना गप्प केलं. गेनू हसला, "आलाच बगा! सोच्छ पानी बगून आला!" आणि सगळी वाडी त्या चतुराकडे देवाकडे बघावं तशी बघत उभी राहिली.

सुलूताईही बघत होत्या. चष्मा पुसून पुन्हा लावला. पुढे सरकल्या. चतुर उडाला, एक गिरकी घेतली, परत त्याच दगडावर.

"हा?" त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"लाल?"

"हो आई."

सुलूताई आणखी थोड्या वाकून बघत राहिल्या. मग त्या लेकीकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. नुसतं नवल होतं, आणि इतकी माया, की भार्गवीला त्यांच्याकडे बघवेना.

"अगं, हा तर आपल्या गच्चीवर येतो. पाण्याच्या टाकीपाशी. रोज येतो गं, मी वाळवण घालते तेव्हा."

भार्गवीच्या मुठीत वाळलेल्या पोराचा भुगा होता.

सुलूताई परत पाण्याकडे वळल्या आणि विराज तिथंच, त्या दगडापलीकडे बसला असावा तशा त्याच्याशी बोलल्या. "एवढ्यासाठी इतक्या लांब येत होतास होय रे? मला एकदा विचारायचंस की वेड्या. घरीच दाखवला असता."

"आई," भार्गवी म्हणाली. ती आईशेजारी बसली आणि दोघी त्या लाल चतुराकडे बघत राहिल्या.